तळ्याकाठच्या पार्कात गीज पुन्हा पुन्हा येतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

अमेरिकेत जिथे तळं आहे आणि तळ्याला लागून कापलेलं हिरवंगार गवत आहे, तिथे कॅनडा गीजची, म्हणजे हंसासारख्या मोठ्या रानटी पाणपक्ष्यांची (एक असला तर गूस), तक्रार ठरलेलीच. "हुसकावले, चार दिवस बरे गेले, पुन्हा तेवढेच आले." हे गाऱ्हाणं मी एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) बैठकांत ऐकलंय, नगरपालिकेच्या पार्क समितीत ऐकलंय आणि गोल्फ कोर्सवाल्यांकडूनही ऐकलंय. आता मी समोरच्याला आधी एवढंच विचारतो: महिना कोणता होता? एकाच पार्कात वर्षभरात निरनिराळ्या कारणांनी गीज जमतात. एप्रिलमध्ये चालणारा उपाय जूनमध्ये निरुपयोगी ठरतो, कधी बेकायदाही.

लक्षणं

काठापासून आत पंधरा-वीस मीटरपर्यंत विष्ठा दाट आणि पुढे विरळ होत गेलेली दिसली, तर पक्षी पाण्यातून चालत वर येतायत, चरतायत आणि चाहूल लागली की पाण्यात परततायत. दुखणं काठाचं आहे.

घाण बाकांजवळ आणि पार्किंगजवळ जास्त असेल, आणि माणूस दिसल्यावर पक्षी लांब जाण्याऐवजी जवळ येत असतील, तर कोणीतरी त्यांना खायला घालतंय.

मार्च-एप्रिलमध्ये एक नर एखादा कोपरा धरून बसतो, मान लांबवून फिस्कारतो, जॉगिंग करणाऱ्यांच्या अंगावर धावतो. घरटं जवळच आहे असं समजा.

जून-जुलैत मोठा थवा दिसतो, पण एकही पक्षी उडत नाही, सगळे पळत पाण्यात शिरतात. गवतावर लांब पिसं पडलेली असतात. ही पिसं झडण्याची वेळ. पंखांची मोठी पिसं एकदम गळतात आणि साधारण चार-पाच आठवडे त्यांना उडताच येत नाही.

पानगळीच्या सुमारास संख्या एकाएकी वाढते आणि हिवाळा सरताना ओसरते, तेव्हा तुमच्याकडे उत्तरेचे पाहुणे उतरलेत. आणि सगळीकडे तळी गोठली असताना फक्त तुमच्याच तळ्यावर गर्दी असेल, तर कारंजं किंवा पाण्यात हवा सोडणारं यंत्र चालू आहे का ते बघा. त्याने पाणी उघडं राहतं. माशांसाठी गरज नसेल तर थंडीत ते बंद ठेवा, काम तिथेच संपलं.

पाहुणे की रहिवासी?

शहरी पार्कांतले बरेचसे गीज स्थलांतर करतच नाहीत. पूर्वी शिकारी जिवंत गीज पाण्यावर बांधून ठेवत, त्यांच्या आवाजाने रानटी थवे खाली उतरावेत म्हणून. 1935 मध्ये या प्रकारावर बंदी आली आणि असे पाळलेले कितीतरी पक्षी मोकळे सोडले गेले. कॅनडा गूसची सगळ्यात मोठी उपजात तर नामशेष झाली असंच लोक धरून चालले होते. 1962 मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात, सिल्व्हर लेकवर ती पुन्हा सापडली. पुढे अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी याच मोठ्या गीजची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली. गूस स्थलांतराची वाट आईबापांमागून उडताना शिकतो. ज्यांच्या आईबापांनी ती वाट कधी धरलीच नाही, त्यांना तुमचं तळं हेच घर. मादी जिथे वाढली त्या परिसरातच घरटं करायला परत येते, म्हणून यंदा तुमच्या काठावर वाढलेलं पिल्लू दोन-तीन वर्षांनी जोडीदार घेऊन तिथेच हजर होतं.

हा फरक न पाहता काय होतं याचं एक उदाहरण न्यूयॉर्कचं. 15 जानेवारी 2009 रोजी यूएस एअरवेजच्या 1549 या विमानाच्या दोन्ही इंजिनांत गीज शिरले आणि ते हडसन नदीवर उतरवावं लागलं. सगळे 155 जण वाचले. त्यानंतर शहरातल्या पार्कांतले रहिवासी गीज पकडून मारण्याची मोहीम निघाली. पण स्मिथसोनियन या संशोधन संस्थेत इंजिनातल्या पिसांचं समस्थानिकांच्या (पक्षी कुठल्या भागात वाढला हे सांगणाऱ्या मूलद्रव्यांच्या प्रकारांच्या) आधारे विश्लेषण झालं, तेव्हा ते पक्षी उत्तरेकडून आलेले स्थलांतरित निघाले. विमानतळाजवळ रहिवासी पक्ष्यांचाही धोका असतोच, तो मी नाकारत नाही. तरीही कोणत्या थव्यावर इलाज करतोय हे आधी माहीत असावं.

पहिली तपासणी: मोजणी

याला वही-पेन्सिल पुरते. सकाळी एकदा, सूर्य मावळायच्या आधी एकदा, दर आठवड्याला त्याच वाराला मोजा. पार्कचा साधा नकाशा काढून पक्षी कुठे चरतात, कुठे झोपतात, कुठून पाण्यात उतरतात ते लिहा. मोजणी नसली की बैठकीत "खूप वाढलेत" आणि "एवढे काही नाहीत" यावरच तास जातो, आणि नंतर केलेला खर्च फळला की नाही तेही कळत नाही. पायात कडं असलेला पक्षी दिसला तर फोटो काढून क्रमांक लिहा. तोच क्रमांक मे महिन्यात आणि ऑगस्टमध्येही दिसला तर तो रहिवासी. सरकारी नियमही साधारण असंच मानतात: अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत मार्च ते जूनमध्ये घरटं करणारा किंवा एप्रिल ते ऑगस्टमध्ये तिथेच राहणारा कॅनडा गूस हा रहिवासी.

दुसरी: कोण खायला घालतंय

हे बंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. फुकट खाणं मिळणारा पक्षी माणसाला भीत नाही, आणि न भिणाऱ्या पक्ष्यावर पुढचं एकही साधन चालत नाही. नुसती "खायला घालू नका" अशी पाटी कोणी वाचत नाही. कारण लिहिलेली पाटी लोक वाचतात: ब्रेडने पोट भरतं पण पोषण होत नाही, वाढत्या पिल्लांच्या पंखांचा सांधा वाकडा होऊन ती कायमची उडायची राहू शकतात, आणि उरलेला ब्रेड पाण्यात कुजतो. रोज पिशवी घेऊन येणाऱ्या आजोबांशी समितीतल्या एखाद्याने शांतपणे बोलावं. दंडाची भाषा शेवटी. त्यांना मोजणीचं काम दिलं की बहुतेकदा ते आपल्या बाजूला येतात, हा माझा आवडता उपाय.

तिसरी: गवत

गीजना कोवळं, आखूड, खत घातलेलं गवत हवं असतं. केंटकी ब्लूग्रास त्यांच्या विशेष आवडीचं. टॉल फेस्क्यू राठ असतं, ते तितकंसं रुचत नाही, मात्र भुकेला थवा तेही खातो. तेव्हा तळ्याभोवतालचं खत थांबवा आणि गवत कापायच्या यंत्राचं पातं वर घ्या. दोन्हींत पैसे वाचतातच, शिवाय खत पावसाबरोबर तळ्यात जाऊन शेवाळ माजायचं थांबतं. जिथे कोणी खेळत नाही आणि चादर पसरून बसत नाही, तिथलं गवत पंधरा सेंटीमीटरच्या वर जाऊ द्या. खेळाचं मैदान तसं ठेवता येणार नाही, ते आखूडच राहील. म्हणून मैदान आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी आडवं यायला हवं.

चौथी: काठ

माझ्या मते सगळ्यात टिकाऊ काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

गूस जमिनीवर असताना दोन गोष्टी बघतो: कोल्हा, कोयोटी किंवा कुत्रा लांबून दिसेल का, आणि दिसला तर पाण्यात पटकन पोचता येईल का. पिल्लांना उडता येत नाही, त्यामुळे त्यांना घेऊन पाण्यापासून गवतापर्यंत चालतच जावं लागतं. काठ सपाट आणि मोकळा असेल तर हे सगळं त्यांना आयतं मिळतं. काठालगत सहा ते दहा मीटर रुंद आणि माणसाच्या मांडीएवढ्या उंच झाडोऱ्याचा पट्टा उभा केला की पलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडचं न दिसता त्या झाडोऱ्यातून चालायला गीज कचरतात. स्विचग्रास, लिटल ब्लूस्टेम, पाण्याच्या रेषेत ब्लू फ्लॅग आयरिस अशी त्या भागात मूळची असलेली झाडं लावा.

यात फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पट्टा अरुंद ठेवला तर पक्षी त्यावरून पलीकडे बघतात. पाण्याकडे जाणारी पायवाट सरळ ठेवली तर सगळा थवा त्या एका वाटेने वर येतो, म्हणून वाटेला वळण द्या. आणि नव्या रोपांचे कोवळे कोंब गीजच खाऊन टाकतात. पट्टा धरायला दोन हंगाम लागतात, तोवर रोपांना कुंपण हवं.

लोकांची तक्रार येणारच: "पार्कात रान माजलंय." पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने यंत्राने एक रेघेसारखी साफ कड कापत राहा. मुद्दाम राखलेलं आहे हे त्या कडेवरून दिसतं आणि तक्रारी बऱ्याच कमी होतात.

तोवर तात्पुरतं काम दोरीने भागतं. पाण्याच्या कडेने खुंट्या ठोकून दोन दोऱ्या ताणा, एक जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरवर, दुसरी तीसवर. उडणारा पक्षी ती ओलांडतो, पण पिल्लं आणि पिसं झडलेले मोठे पक्षी चालत येतात, ते अडतात. म्हणून मे ते जुलै या काळात दोरीचा खरा उपयोग. मासेमारीची पारदर्शक दोरी वापरू नका, तिच्यात पक्षी अडकतात आणि माणसंही. जाड, ठळक दिसणारी दोरी घ्या, तिला चमकदार फिती बांधा. काठावर बांधकाम होणारच असेल तर दोन फुटांहून मोठे दगड रचून घ्या. त्यांवरून चढणं गीजना जमत नाही.

पाचवी: हुसकावणं

बहुतेक लोक सुरुवात इथून करतात, म्हणून फसतात. गवत आणि काठ तसेच ठेवून हुसकावलेला थवा शेजारच्या तळ्यावर रात्र काढतो आणि सकाळी परत येतो. वरची कामं सुरू झाल्यावर मात्र हेच हुसकावणं उपयोगी पडतं.

घरटं, अंडी, लहान पिल्लं किंवा न उडणारा थवा समोर नसेल तर गीजना नुसतं पिटाळायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही. पक्ष्याला इजा होता कामा नये, एवढी अट. न उडणाऱ्या थव्यामागे धावून हाती काही लागत नाही: तो जाणार कुठे?

प्लास्टिकचा कोयोटी एका जागी उभा राहिला की काही दिवसांत गीज त्याच्या सावलीत बसतात. पुतळा, चमकत्या फिती, पतंग, काहीही वापरा, पण जागा रोज बदला आणि दोन-तीन साधनं आलटून पालटून वापरा. नवा थवा उतरला की पहिल्याच दिवशी सुरुवात करा. एकदा त्यांचा दिनक्रम बसला की मेहनत कितीतरी वाढते. द्राक्षाच्या वासाचा मिथाइल अँथ्रानिलेटचा फवारा गवताची चव बिघडवतो, पण पाऊस पडला किंवा गवत कापलं की पुन्हा मारावा लागतो. लहान जागेला ठीक, मोठ्या पार्कला परवडत नाही.

शिकवलेले बॉर्डर कॉली कुत्रे हे या गटातलं सगळ्यात खात्रीचं साधन. ते चावत नाहीत, शिकारी जनावरासारखे टक लावून दबकत येतात, आणि पाण्यातही पाठलाग करतात. सुरुवातीला दिवसातून अनेकदा फेरी हवी, म्हणून सेवा महाग पडते. आपला घरचा कुत्रा मोकळा सोडणं हा त्याला पर्याय नाही. एक पक्षी तोंडात धरला तरी प्रकरण कायद्यात जातं. संधिप्रकाशात झोपायच्या जागेवरून उठवायला लेझर चालतो, पण त्याचा झोत आकाशाकडे किंवा रस्त्याकडे गेलाच नाही पाहिजे. विमानावर लेझर मारणं हा 2012 पासून केंद्रीय गुन्हा आहे. विमानतळ जवळ असेल तर लेझर विसरा.

सहावी: अंडी

रहिवासी थवा वर्षागणिक वाढत असेल तर इथवर यावंच लागतं. 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली कॅनडा गीजला, त्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना संरक्षण आहे. 2006 पासून जमिनीचे मालक, एचओए आणि स्थानिक संस्थांना यू.एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याकडे ऑनलाइन नोंदणी करून रहिवासी गीजच्या अंड्यांवर काम करता येतं. नोंदणी दरवर्षी नव्याने करायची, काम 1 मार्च ते 30 जून या काळातच, आणि किती घरटी-अंडी हाताळली याचा अहवाल 31 ऑक्टोबरपर्यंत द्यायचा. काही राज्यांत वेगळा राज्य परवानाही लागतो, तो आधी विचारून घ्या. कॅनडात नियम वेगळे, तिथे केंद्रीय पर्यावरण खात्याचा परवाना लागतो.

पद्धत अशी. अंडी उचलून नेली की मादी दुसरीकडे पुन्हा घालते, म्हणून ती घरट्यातच राहू देतात. अंड्यांना मक्याचं तेल सगळीकडून चोळतात. कवचाची छिद्रं बुजतात, आतली वाढ थांबते, आणि मादी मात्र बसून राहते. एका घरट्यात सहसा पाच-सहा अंडी असतात, उबवण 25 ते 28 दिवसांची. शेवटचं अंडं घातल्यावरच मादी नीट बसते. अंडी गार लागली तर घालणं अजून चालू आहे, पेन्सिलने खुणा करून काही दिवसांनी पुन्हा जा.

तेल लावण्याआधी प्रत्येक अंडं पाण्याच्या बादलीत ठेवून बघायचं. तळाशी आडवं राहिलं तर वाढ सुरुवातीची आहे. वर तरंगायला लागलं तर ते साधारण दोन आठवड्यांच्या पुढे गेलं. त्याला तेल लावायचं नाही, पुसून परत ठेवायचं. आत वाढलेला जीव आहे, आणि प्राणिप्रेमी संघटनांनीही मान्य केलेली मर्यादा हीच आहे. समितीत यावर घासाघीस सुरू झाली तर मी त्या कामातून बाहेर पडतो.

घरट्यापाशी कधीही एकट्याने जाऊ नका. एक जण अंड्यांचं काम करतो, दुसरा उघडी छत्री नराच्या दिशेने धरून उभा राहतो. नर पंखांनी जोरात मारतो, ओल्या उतारावर माणूस पडला तर जास्त लागतं. मागे येताना त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश सरका, पाठ फिरवून पळू नका.

याचा एक फायदा फार जणांना माहीत नसतो. ज्या जोड्यांना पिल्लं नसतात, त्यांच्यातल्या अनेक जोड्या पिसं झडायच्या आधी तुमचं तळं सोडून उत्तरेकडे जातात. पिल्लं असली की जागेवरच थांबतात. म्हणून एप्रिलमध्ये तेल आणि मेच्या शेवटी हुसकावणं अशी जोडी लावली, तर जूनमधला न उडणारा थवाच लहान होतो.

यावर पैसे घालवू नका

गीज पकडून लांब सोडणं: मोठे पक्षी उडून परत येतात, आणि बहुतेक राज्यांना दुसऱ्यांचे गीज नकोच आहेत. तळ्यात म्यूट स्वान हे पांढरे राजहंस आणून सोडणं: ते स्वतः परदेशी, माणसांवर धावणारे, आणि गीज त्यांच्या शेजारी निवांत राहतात. भोंग्यावर वाजणारे गीजचे धोक्याचे आवाज एकटे काही दिवसच चालतात, शेजाऱ्यांची झोप मात्र रोज जाते.

इथे थांबा, माणूस बोलवा

मेलेले किंवा मान वाकडी करून गोल फिरणारे पक्षी दिसले तर हात लावू नका. 2022 पासून अमेरिकेतल्या रानपक्ष्यांत एच5एन1 बर्ड फ्लू पसरलेला आहे. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा, कुत्री-मुलं लांब ठेवा.

घरटं शाळेच्या दाराशी, दवाखान्याच्या वाटेवर किंवा छतावर असेल तर स्वयंसेवकांनी ते हाताळू नये. विमानतळ जवळ असेल तर हुसकावणंही स्वतःच्या मनाने करू नका, उडालेला थवा धावपट्टीवर गेला तर जबाबदारी तुमची. पोहण्याच्या तळ्यात पाण्याच्या तपासणीत जिवाणू वाढलेले आले तर आरोग्य विभागाला कळवा. आवाजी फटाके, जाळी लावून थवा पकडणं आणि पक्षी मारणं ही कामं परवानाधारकांचीच. थवा पकडून मारायचा निर्णय झालाच, तर तो जाहीर बैठकीत घ्या. गुपचूप केलेल्या अशा कामाने समित्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

फोन कोणाला करायचा? कृषी खात्याच्या वाइल्डलाइफ सर्व्हिसेसची राज्यवार कार्यालयं आहेत, तिथे सल्ला मिळतो. खासगी कंपनी बोलावलीत तर तिचा परवाना बघा, कोणत्या महिन्यात नेमकं काय करणार ते लेखी घ्या, आणि "वर्षभरात शून्य गीज" अशी हमी देणाऱ्याला नमस्कार करून दारापर्यंत सोडा. हाताशी तुमची मोजणीची वही, नकाशा आणि कोणता उपाय कधी केला त्याच्या तारखा ठेवा. फोन जानेवारी-फेब्रुवारीतच करा. परवाने, नोंदणी आणि कुत्र्यांच्या फेऱ्यांची आखणी यांना वेळ लागतो, आणि मेमध्ये फोन केला तर त्या वर्षीची अंडी फुटून गेलेली असतात.